सत्ताविसावा गडी

सोमवार, ९ एप्रिल १९६२

आज नगरसभागृहात माझी सुवर्णमहोत्सव समितीच्या अध्यक्षपदी एकमताने निवड झाली. एकमताने म्हणजे असे की सात जण हजर होते, दोघांना लवकर घरी जायचे होते, आणि उरलेल्यांपैकी कोणीच पुढे होईना. शेवटी मीच सुचवले की इतिहासाची जाण असलेला एखादा माणूस घ्यावा. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. महापौर बर्ट श्लॉसर म्हणाले, "एल्वुड, औषधाचं दुकान विकल्यापासून तू मोकळाच आहेस." यात कौतुक होते असे मी धरून चालतो.

ही वही पुढे कोणी अभ्यासक वाचील, म्हणून प्रसंग नीट लिहून ठेवतो. १७ ऑगस्ट १९१२ रोजी काचकारखान्याच्या मैदानावर आमच्या कॉब्स फेरी गावच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ल्यूट हानेमन याने मिलग्रोव्हच्या संघाला नऊच्या नऊ डावांत एकही हक्काचा फटका मारू दिला नाही. अशा सामन्याला नो-हिटर म्हणतात. पिचरच्या हातून याहून मोठे एकच काम होऊ शकते. सत्तावीसच्या सत्तावीस गडी ओळीने बाद करायचे आणि एकालाही पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, पोचू द्यायचे नाही. तो परिपूर्ण सामना. ल्यूटने सव्वीस बाद केले होते. सत्ताविसाव्याने चेंडू शॉर्टस्टॉपकडे मारला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी. तिथे कॅझिमिर व्रोना उभा होता. चेंडू त्याच्या हातून सुटला. अधिकृत नोंद: शॉर्टस्टॉपची चूक. फटका नव्हे; क्षेत्ररक्षकाच्या चुकीने मारणारा बेसवर पोचला तर तो फटका मोजत नाहीत. म्हणून नो-हिटर वाचला आणि परिपूर्ण सामना गेला. अठ्ठाविसावा बाद झाला, बँड वाजला, आणि महिनाभरात ल्यूटला मोठ्या लीगचे, म्हणजे देशातल्या अव्वल संघांचे, बोलावणे आले. आमच्या गावातून तिथवर गेलेला तो पहिला आणि आजवर शेवटचा.

ती नोंद करणारे अधिकृत नोंदकार माझे वडील अमॉस केम्प. गावचे साप्ताहिकही त्यांचेच.

जेवताना बायकोला, हेटीला, म्हणालो, "प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून हे काम माझ्याच वाट्याला यायला हवं होतं."

ती बटाटे वाढत म्हणाली, "कसला साक्षीदार? तुला गालगुंड झाले होते. तुझ्या आईने गालाला गरम फडकं बांधून तुला खिडकीशी बसवलं होतं."

"खिडकीतून मैदान दिसायचं."

"खिडकीतून मैदानाचं कुंपण दिसायचं. मी तिथे होते. तिसऱ्या बेसच्या मागे, काकाच्या गाडीवर उभी."

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्या वयाच्या मुलींच्या लक्षात टोप्या राहतात, सामने राहत नाहीत. मी विषय वाढवला नाही.

शनिवार, २१ एप्रिल

सुवर्णमहोत्सवाच्या पुस्तिकेचे काम सुरू. पहिले प्रकरण: 'बेसबॉलच्या इतिहासातील दहा अविस्मरणीय क्षण'. पहिला क्रमांक १९५६ चा द्यावा लागला. न्यूयॉर्कमध्ये, जागतिक मालिकेत, परिपूर्ण सामना. त्याला हात लावता येत नाही. दुसरा १९२० मधला सव्वीस डावांचा सामना, जो शेवटी बरोबरीत सोडून द्यावा लागला. तिसरा १९३८ मध्ये एका पोराने लागोपाठ दोन सामन्यांत केलेले दोन नो-हिटर. चौथा आमचा. मला तटस्थ राहायचे आहे, म्हणून चौथा.

गेल्या वर्षीच्या एकसष्ट होमरनना, म्हणजे मैदानापार मारलेल्या फटक्यांना, सातवे स्थान दिले आहे. त्या तरुणाला जुन्या विक्रमवाल्यापेक्षा आठ सामने जास्त मिळाले होते, तेव्हा विक्रमाशेजारी तशी टीप हवी, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. पुष्कळ लोक चिडले. मी मात्र टिपेच्या बाजूचा आहे. इतिहासात जे घडले तेच लिहिले पाहिजे, मग ते कोणाला बोचो. हे वाक्य पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर चौकटीत घालणार आहे.

रविवार, ६ मे

समारंभात १९१२ च्या प्रेक्षकांसाठी एक मानाची रांग ठेवायची ठरली आहे. त्यासाठी चर्चच्या दाराशी आणि केशकर्तनालयात यादी लावली होती. आज काढून मोजली. दोन हजार एकशे चाळीस नावे.

त्या मैदानावर बाके साडेतीनशे माणसांची होती. गावाची तेव्हाची वस्ती एकोणीसशे. यादीतले तिघे १९१२ मध्ये जन्मले नव्हते आणि एक जण त्या सुमारास सायबेरियात होता, असे तो स्वतःच इतर वेळी सांगतो. हेटी म्हणाली, "आणखी एक वर्ष थांब, मिलग्रोव्हची माणसंही आपल्याच बाजूने टाळ्या वाजवत होती असं निघेल."

मी यातून गावाचे प्रेम पाहतो. मानाची रांग मात्र रद्द करावी लागेल. तेवढ्या खुर्च्या नाहीत.

हेटीचे नाव यादीत नाही. विचारले तर म्हणाली, "मला कोणी विचारलं नाही."

शनिवार, १९ मे

आज हेलन बेकर आली होती. व्रोनाची मुलगी. शाळेत गणित शिकवते. मैदानावर लावायच्या कांशाच्या फलकाचा मजकूर गावच्या पत्रात छापून आला तो तिने वाचला होता. मजकूर असा: 'या मैदानावर ल्यूट हानेमन याने एकही फटका न देता मिलग्रोव्हचा पराभव केला. शॉर्टस्टॉप के. व्रोना याच्या चुकीमुळे परिपूर्ण सामन्याचा मान हुकला.' मोजके, कोरीव, कांशात शोभेल असे.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, "मिस्टर केम्प, दुसरं वाक्य काढता येईल का?"

मी समजावून सांगितले की दुसरे वाक्य हा इतिहास आहे.

"पहिलं वाक्य पुरेसं आहे ना? त्यात ल्यूटकाकांचा मान येतोच."

"पण मग लोक विचारतील, परिपूर्ण का झाला नाही. उत्तर द्यायला नको?"

तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "या गावात कोणाच्या हातून बशी पडली की लोक काय म्हणतात, माहीत आहे ना तुम्हाला? व्रोना झाला, म्हणतात. दुधाची बाटली फुटली, व्रोना केला. शाळेत माझ्या हातून खडू पडला तरी मागच्या बाकावर हसू फुटतं. त्या पोरांना माहीतही नाही की ते माझ्या बाबांचं नाव आहे. त्यांना तो शब्दच वाटतो. निदान शब्दच राहू दे. कांशात नाव नको."

मी म्हणालो, "बाई, एक प्रकारे हे अमरत्वच आहे. किती माणसांच्या नावाचं क्रियापद होतं?"

ती उठली. दारापाशी म्हणाली, "तुमच्या नावाचं झालं असतं तर बरं झालं असतं." नमस्कार वगैरे काही नाही. शिक्षकी पेशातल्या माणसांनी जरा शिष्टाचार पाळावा.

रविवार, २० मे

हेटीने आज काही रांधले नाही. रात्रीच्या जेवणाला कालचेच सूप.

मंगळवार, १२ जून

माळ्यावरच्या पेटीत वडिलांची नोंदवही सापडली. १९१२ ची, हिरव्या पुठ्ठ्याची.  तो सामना पान एकेचाळीसवर आहे. वडिलांचे अक्षर सुईसारखे बारीक. सव्वीस चौकटी एकासारख्या एक. सत्ताविसाव्या चौकटीत 'चूक, शॉर्टस्टॉप' असे लिहिले आहे, आणि त्या एकाच जागी कागद पातळ झाला आहे. आधी काही लिहून रबराने खोडलेले दिसते. उजेडात धरले तर पेन्सिलीची दाबखूण आहे, पण काय ते कळत नाही. फार प्रयत्न मी केलाही नाही.

यावरून वडिलांचा काटेकोरपणा दिसतो. माणसाने घाईने काही लिहिले, मग विचार केला, मग योग्य ते लिहिले. आजकाल एकदा लिहिलेले पुसण्याची नम्रता कोणात आहे?

वहीत एक चिठ्ठीही मिळाली. छापखान्यातल्या जुळाऱ्याला पाठवलेली. 'मथळा जुळवून ठेव: एकही फटका नाही. सर्वांत मोठे टाइप. मोठ्या लीगचे दोन पाहुणे खेळाडू हेरायला आले आहेत, कारखान्याचे मालक त्यांच्या शेजारीच बसले आहेत.' खाली वेळ आणि 'सातवा डाव संपला'. म्हणजे सामना संपायला दोन डाव बाकी असताना वडिलांनी निकाल ओळखला होता. अशी दूरदृष्टी असलेला संपादक विरळा. ही चिठ्ठी चौकटीत लावून समारंभात ठेवावी असे मनात आहे.

हेटीला चिठ्ठी दाखवली. तिने दोनदा वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाली, "ही नको लावूस, एल्वुड."

"का?"

"तुझ्या वडिलांसाठी म्हणून सांगते."

बहुधा तिला अक्षर वाकडे वाटले असावे.

शनिवार, ३० जून

बर्टची कल्पना अशी की समारंभात तो क्षण पुन्हा करून दाखवायचा. फ्लोरिडाहून ल्यूट येईल, तो हळूच चेंडू टाकील, शाळेचे प्रशिक्षक फटका मारतील आणि व्रोना तो सोडील. कार्यक्रमपत्रिकेत 'विनोदी प्रवेश' असे छापायचे. व्रोनाला विचारायची कामगिरी माझ्यावर आली.

तो नदीपलीकडे राहतो. एकाहत्तर वर्षांचा आहे. चाळीस वर्षे भट्टीसमोर काढल्यामुळे चेहरा विटेसारखा. अंगणात कोबी लावत होता. मला पाहून म्हणाला, "ये, अमॉसच्या पोरा." मी बासष्ट वर्षांचा आहे आणि तीस वर्षे मी त्याला औषधे दिली आहेत. पण त्याच्या लेखी मी अजून पोरगाच.

मी आडून आडून विषय काढला. तो ओसरीत येऊन ऐकत काकड्यांच्या बरणीत शेपूच्या काड्या दाबत राहिला. मग म्हणाला, "ल्यूट खरंच येतोय?"

"येतोय."

"मग मी येतो. पण चेंडू खरा मारायला सांग. हळू नको. त्या दिवशीसारखा."

"कॅझी, तुला तो सोडायचाच आहे."

"ठाऊक आहे. कसा सुटतो ते लोकांना बघू दे ना एकदा. बघितलाय कोणी?"

मी म्हटले, "दोन हजार एकशे चाळीस जणांनी." तो हसला. त्याला पुढचे दोन दात नाहीत.

निघताना मी विचारले, त्या संध्याकाळी वडील तुला काही बोलले होते का. पुस्तिकेत एखादी हृद्य आठवण घालता येईल. तो म्हणाला, "बोलला ना. कारखान्याच्या फाटकाशी मला गाठून म्हणाला, तू तरुण आहेस, तुला आणखी सामने मिळतील."

मी लिहून घेतले. पराभूत मनाला धीर देण्याची किती ही हातोटी.

"मग मिळाले?" मी विचारले.

"नाही. चुकणाऱ्याला कोण घेतो?" त्याने बरणीचे झाकण फिरवले. "अमॉसने मला आधी विचारायला हवं होतं. मी हो म्हटलं असतं. ल्यूटसाठी सगळेच हो म्हणालो असतो. पण त्याने विचारलं नाही. ते तेवढं राहिलं."

या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. वडिलांनी त्याला काय विचारायचे होते? वय झाले की माणसे दोन प्रसंगांची सरमिसळ करतात. मी विषय कोबीकडे नेला.

परतताना पुलावर बराच वेळ उभा होतो. नदीत काहीच पाहण्यासारखे नव्हते.

मंगळवार, १७ जुलै

ल्यूटचे पत्र आले. अक्षर मोठे आणि भित्रे. मोठ्या लीगमध्ये तो एकच हंगाम खेळला, तीन जिंकला आणि अकरा हरला, मग खांदा गेला. पुढे आयुष्यभर विमा विकला. पुस्तिकेत 'मोठ्या लीगमधील संस्मरणीय कारकीर्द' एवढेच म्हटले आहे. तपशिलाने वाचक थकतो.

पत्रातला मजकूर मी पुस्तिकेसाठी उतरवून घेतला. दोन वाक्ये वगळली. एक: 'कॅझ माझ्यावर अजून रागावलेला आहे का, हे आधी कळवा.' हे खासगी आहे. दुसरे: 'त्या दिवसाबद्दल मला एक गोष्ट सांगायची राहून गेली, ती उभ्याउभ्या सगळ्यांसमोर सांगेन.' हे वगळले, कारण आश्चर्य आधीच फुटायला नको. बहुधा तो वडिलांचे आभार मानणार.

तसेच असेल.

गुरुवार, ९ ऑगस्ट

फलक आला. ल्यूटच्या आडनावात एक अक्षर जास्त पडले आहे. मिलग्रोव्हमधले एक कमी. संपूर्ण फलकावर एकच नाव बिनचूक आहे, ते व्रोनाचे. हेटीने पाहिले आणि स्वयंपाकघरात जाऊन हसली. हसू बरेच लांबले, आणि शेवटी शेवटी ते हसण्यासारखे वाटेना.

बदलायला वेळ नाही. लांबून कळत नाही.

शनिवार, १८ ऑगस्ट

सतरा तारीख शुक्रवारी येत होती आणि कारखाना सुट्टी देईना, म्हणून पन्नास वर्षे आणि एक दिवस झाल्यावर आज समारंभ. सगळे क्रमाने लिहितो, कारण डोके जरा भणभणते आहे.

गर्दी चांगली होती. बँड होता. बर्टचे भाषण झाले. मी साक्षीदार म्हणून चार शब्द बोललो; 'चेंडू सुटताना मी स्वतः पाहिला' इथे टाळ्या पडल्या. मंचावर माझ्या शेजारी हेटी होती. तिने टाळी वाजवली नाही, पण तिच्या मांडीवर पर्स होती.

मग ल्यूट मैदानाच्या मध्यावर गेला. एके काळचा सहा फुटी माणूस, आता काठी टेकत. शॉर्टस्टॉपच्या जागी कॅझी उभा होता, जुनाट हातमोजा घालून. लोक आधीच हसू लागले होते. कोणीतरी ओरडले, "सांभाळ रे, पायावर पाडशील." हेलन कुंपणाशी उभी होती. ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती. वर्गातली पोरे कधी गप्प होतात याची वाट पाहावी तशी उभी होती.

ल्यूटने चेंडू टाकलाच नाही. तो हातात घेऊन, काठी टेकत, तो ध्वनिक्षेपकापर्यंत चालत आला. एवढ्याशा अंतराला त्याला फार वेळ लागला. मग तो बोलला. मी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहितो. आज मी नोंदकार होतो.

"हा खेळ मी करून दाखवणार नाही," तो म्हणाला. "तो चेंडू कॅझने सोडला नव्हता. तो त्याच्यापासून चार हात लांब होता. त्याने अंग झोकून बोटांची टोकं लावली, एवढंच. दुसरा कोणी असता तर तिथवर पोचलासुद्धा नसता. तो स्वच्छ फटका होता. बॅटीवरून निघाला तेव्हाच मला कळलं. पंचाला कळलं. अमॉस केम्पला कळलं. नो-हिटर वगैरे काही झालं नाही इथे. मी बावीस वर्षांचा होतो, पाहुणे बघायला आले होते, मी गप्प बसलो. पुढे गप्प बसायची सवय झाली. हा माणूस पन्नास वर्षं माझ्या वाट्याचं हसं झेलत राहिला."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मला वाटले, आता.

आणि मग कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. सगळे मैदान उठून उभे राहिले. बर्ट डोळे पुसत ध्वनिक्षेपकाशी गेला आणि ल्यूटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पाहिलंत मंडळी, याला म्हणतात मोठेपणा. आजही हा आपल्या मित्राला पाठीशी घालतोय."

"पाठीशी नाही घालत," ल्यूट म्हणाला. "खरं सांगतोय."

"किती हा विनय," बर्ट म्हणाला आणि त्याने बँडला खूण केली.

ल्यूट आणखी काही बोलत होता. ओठ हलताना दिसत होते. बँडमध्ये तुताऱ्या सहा होत्या. कॅझी आपल्या जागेवरून चालत आला. मला वाटले तो ल्यूटला मिठी मारील, किंवा एक ठेवून देईल. दोन्ही योग्यच झाले असते. त्याने ल्यूटच्या कानाशी तोंड नेऊन काही सांगितले, काठी पडली होती ती उचलून त्याच्या हातात दिली, आणि दोघे फाटकाकडे चालू लागले. हेलन त्यांना जाऊन मिळाली. लोक दोन्ही बाजूंनी त्यांच्या पाठीवर थोपटत होते. एकाने कॅझीला म्हटले, "बघ, केवढ्या मनाचा माणूस आहे. तू याचा सामना घालवलास, तरी."

हेटी उठली. मी विचारले, "कुठे चाललीस? फलक उघडायचा आहे."

"उघड की," ती म्हणाली. पर्स घेऊन मंचाच्या पायऱ्या उतरली आणि त्या तिघांच्या मागे गेली. तिला इतके भरभर चालताना मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

फलक मी आणि बर्टने उघडला. पडदा एका कोपऱ्याला अडकला होता.

रविवार, १९ ऑगस्ट

सकाळीच सहा लोकांनी दारात येऊन अभिनंदन केले. ल्यूटच्या विनयाची चर्चा सगळीकडे. पुस्तिकेच्या सगळ्या प्रती संपल्या.

न्याहारीला हेटीला विचारले, "तू खरंच पाहिलं होतंस?"

"चाळीस वर्षं सांगतेय."

"मला नीट सांगितलं नाहीस कधी."

"पहिल्यांदा सांगितलं ते आपल्या लग्नाच्या वर्षी, तुझ्या वडिलांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. तुझे वडील उठून खिडकी लावायला गेले. खिडकी लावलेलीच होती. तू म्हणालास, हेटीला खेळातलं कळत नाही."

मला ते आठवत नाही. म्हणजे खिडकी आठवते.

चर्चला गेलो नाही. वही काढून पान एकेचाळीस पुढच्या खोलीत, उन्हात धरले. जूनमध्ये कळले नव्हते ते आज सहज वाचता आले. जूनमध्येही ऊन होतेच. दाबखूण एका फटक्याच्या खुणेची आहे. वडिलांचा हात खंबीर होता. पहिल्यांदा त्यांनी जे पाहिले ते चांगले दाबून लिहिले होते.

मी वडिलांना फार मानत आलो. आजही मानतो. हे दोन्ही एकाच चौकटीत कसे लिहायचे ते मला कोणी शिकवले नाही.

शनिवार, २५ ऑगस्ट

ल्यूट सोमवारी परत जाणार होता, तो अजून इथेच आहे. कॅझीच्या घरी राहतो. हेटी मंगळवारी तिकडे गेली होती, गुरुवारीही. आज मी गेलो. बगलेत नोंदवही होती.

दोघे ओसरीत बसले होते. मध्ये राय पाव, सॉसेज आणि काकड्यांची बरणी. हेलन आतून आली, मला पाहून थांबली, मग एक बशी आणखी घेऊन आली. 

मी वाट पाहत होतो की सामन्याचा विषय निघेल, म्हणजे मला बोलता येईल. मी वाक्य तयार करून गेलो होतो. ते दोघे मात्र एका शिंगाड्या माशाबद्दल बोलत होते, जो त्यांनी १९१० मध्ये पकडला होता की पकडला नव्हता. ल्यूट म्हणत होता वीस पौंडांचा. कॅझी म्हणत होता, "तुझा वीस म्हणजे बारा. तुझ्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवतो आता?" त्यावर दोघेही खोकला येईपर्यंत हसले. मी पण हसलो. मला हसायचा हक्क आहे की नाही हे कळत नव्हते.

अर्धा तास गेला. शेवटी मीच वही उघडून कॅझीच्या गुडघ्यावर ठेवली आणि त्या जागेवर बोट ठेवले. त्याने चष्मा शोधला, बराच वेळ पाहिले, आणि वही ल्यूटकडे सरकवली. ल्यूटने पाहून मिटली.

"म्हणजे लिहिलं होतं त्याने," कॅझी म्हणाला. "आधी खरं लिहिलं होतं." तो सुखावल्यासारखा दिसला. मला ते अपेक्षित नव्हते. "मला इतकी वर्षं वाटायचं, अमॉसला खरंच दिसलं नसेल."

मी म्हणालो, "मी फलक बदलून घेतो. समितीपुढे ठराव मांडतो. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढतो, त्यात टीप घालतो."

"टीप कशाला? टीप कोण वाचतो?" त्याने माझ्या बशीत एक काकडी ठेवली. "पत्र्यावरचं राहू दे. तू तोंडाने सांग, अमॉसच्या पोरा. तू केम्प आहेस. तुझं ऐकतील. ल्यूटचं नाही ऐकलं, तो चांगला माणूस ठरला. तुला तसं कोणी ठरवायचं नाही."

"कोणाला सांगू?"

"पहिला भेटेल त्याला. मग दुसऱ्याला."

हेलन दाराला टेकून उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती, पण या वेळी रागाने नव्हे. ते जास्त जड गेले.

मी हो म्हणालो. दोनदा म्हणालो. हात मिळवून निघालो. पुलावरून येताना मी वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले. साधे वाक्य आहे, सात शब्दांचे. मोकळ्या हवेत ते चांगले वाजते.

पूल उतरल्यावर पहिला भेटला तो बर्ट. केशकर्तनालयातून नुकताच बाहेर पडत होता, मानेवर पावडर तशीच. म्हणाला, "काय एल्वुड, दमलेला दिसतोस. कुठून?"

"नदीपलीकडून," मी म्हणालो.

तो थांबला होता. त्याला घाई नव्हती. रस्त्यावर दुसरे कोणी नव्हते आणि वही माझ्या बगलेत होती.

आम्ही न्यूयॉर्कच्या त्या नव्या संघाबद्दल बोललो, जो या वर्षी हरण्याचाच विक्रम करणार असे दिसते. मग हवेबद्दल. या आठवड्यात उकाडा जरा कमी आहे, असे त्याचे मत पडले. मलाही तसेच वाटले.